रिव्हिजन हिपमध्ये, म्हणजे आधी बदललेला खुबा पुन्हा बदलताना, बोन ग्राफ्ट (हाडाचे तुकडे) भरलाय. तीन महिन्यांच्या एक्सरेत स्टेम (मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा) दीड मिलिमीटर खाली दिसतोय, आईचा सांधा सैल झाला का? मांडी घालून कधी बसता येईल?

दीड मिलिमीटरला घाबरू नका. मी बांधकामातला माणूस, जोत्यात मुरूम भरून कितीही धुमस केली तरी थोडं बसतंच. ग्राफ्टचंही तेच, हाडाचे तुकडे हातोडीने ठासून भरतात, वर सिमेंट, त्यात स्टेम.

माझा खुबा 2004 मध्ये बदलला, एव्हीएन होता, म्हणजे रक्त न पोचून खुब्याचा गोळा मेला होता. पुढे डॉक्टर दरवर्षी एक्सरेला या म्हणायचे आणि आमचे थोरले बंधू म्हणायचे दुखत नाही ना, मग कशाला त्यांची घरं भरतोस. मीही ऐकलं, गाढव मी. सात वर्षं गेलो नाही. तोवर आतलं प्लास्टिक झिजून त्याच्या बारीक कणांनी खुब्याच्या वाटीमागचं हाड पोखरलं होतं आणि हे पोखरणं दुखत नाही हो, हेच कुणी सांगत नाही. दुखायला लागलं तेव्हा वाटी तिरकी झालेली. मग 2019 ला रिव्हिजन. दुसऱ्या कुणाच्या ऑपरेशनमध्ये काढलेला खुब्याचा गोळा उणे 80 डिग्रीत ठेवलेला असतो, तसे दोन गोळे बारीक करून माझ्यात भरले. सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा, वजन नाही, तीन महिने वॉकर. दादा भेटायला आले की हसायचे, अजून म्हातारा झाला नाहीस, टाक तो वॉकर. या वेळी नाही टाकला. भरलेल्या हाडात आपलं हाड उगवायला वेळ लागतो, त्याआधी नाचलात तर सगळं खचणार.

एकच एक्सरे बघून काही कळत नाही, ऑपरेशननंतरचा पहिला आणि आताचा शेजारी ठेवून बघायला सांगा. पुढच्या वेळी आकडा वाढतच गेला, उठताना पहिल्या पावलाला मांडीत कळ आली तर मात्र सर्जनला गाठा. रात्री पडून दुखतंय, ताप, जखमेतून पाणी, तर त्याच दिवशी जा, इन्फेक्शन असू शकतं.

आणि हो, मी सांगितलं ते सिमेंटवाल्या गुळगुळीत, खाली निमुळत्या स्टेमचं, तो सिमेंटमध्ये जरा सरकायलाच बनवलेला असतो. बिनसिमेंटचा असेल तर हिशेब वेगळा, डिस्चार्ज कार्डवर स्टिकर असतो तो बघा. मी डॉक्टर नाही.

मांडीचं राहिलंच. मला तर कायमची बंद सांगितलीय, लग्नात पंगतीलाही खुर्ची लागते. दादा तिथेही बोलतात.