इंग्रजीत बुडवून शिकवणारी लांबची शाळा की घराजवळची सेमी-इंग्रजी?

तुम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहता, लेक चार वर्षांची. घराजवळ सेमी-इंग्रजी शाळा आहे आणि पाऊण तासावर दुसरी, जिथे फाटकातून आत गेल्यापासून फक्त इंग्रजी. कुठे घालू, असं विचारलंय.

मी थोरल्याला दुसऱ्या प्रकारच्या शाळेत घातलं होतं. तिसरीत काढून जवळच्या सेमीत आणलं. त्याआधीची गोष्ट, एका संध्याकाळी तो परिसर अभ्यासाचा धडा वाचत होता. 'द रूट्स ॲब्झॉर्ब वॉटर फ्रॉम द सॉइल', न अडखळता. मी विचारलं, सॉइल म्हणजे काय रे? गप्प. ॲब्झॉर्ब? गप्पच. हाच मुलगा सुट्टीत निफाडला आजोबांच्या द्राक्षबागेत मूठभर माती दाबून वाफसा, म्हणजे मातीत हवा तेवढाच ओलावा, आलाय का ते सांगायचा. ठिबकची नळी कुठे तुंबलीय ते शोधायचा. मुळं पाणी कशी ओढतात हे त्याला त्या धड्यापेक्षा जास्त कळत होतं, पण वर्गात मराठीला बंदी, मग दोन्हीची गाठ घालून देणार कोण? त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरी परक्या भाषेतून शिकवणं वाईटच, असं माझं म्हणणं नाही. ही पद्धत गाजली ती कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या वर्गामुळे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच आग्रह धरून मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारा तो वर्ग सुरू करून घेतला. पण सगळीच मुलं फ्रेंचला नवखी होती, सुरुवातीला ती आपसांत आणि बाईंशीही इंग्रजीत बोलू शकत, आणि पुढे इंग्रजी वाचन-लेखनही शाळेतच शिकवलं जाई. आपल्याकडे त्यातलं बाकी सगळं गळतं आणि घरची भाषा बंद करणं तेवढं उरतं.

म्हणून लांबच्या शाळेत जाऊन केजीच्या बाईंना भेटा. मूल मराठीत काही म्हणालं तर तुम्ही काय करता, एवढंच विचारा. 'तेच मी इंग्रजीत म्हणून दाखवते' असं उत्तर आलं तर शाळा विचार करण्यासारखी आहे. रागावतो, दंड घेतो म्हणाल्या तर तिथूनच परत फिरा. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची आहे, तेव्हा तिसरी-चौथीच्या मराठीच्या वह्याही मागून बघा.

जवळची शाळाही डोळे झाकून घेऊ नका. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. ते कितवीपासून, आणि शिकवणाऱ्या बाई त्यात सहज बोलतात का, हे पाहा. घोकंपट्टी तिथेही होते.

प्रवासाचं मात्र मला फार वाटतं. जाऊन-येऊन दीड तास, त्यात मुंबई नाक्याची गर्दी, आणि व्हॅनमध्ये पेंगणारं चार वर्षांचं लेकरू. शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत धरलीय, ती उगाच नाही. शाळा बदलल्यावर माझ्या मुलाला गल्लीतले मित्र पहिल्यांदा मिळाले. इंग्रजी बोलण्यात तो दोनेक वर्षं मागे राहिला, हेही खरं. आता आठवीत आहे, स्वतःच्या मनाने इंग्रजीत लिहितो.

तुमच्या जागी मी जवळची शाळा घेईन. धाकटीला तिथेच घातलंय. रात्री तिला इंग्रजी गोष्टीचं एक पान वाचून दाखवते, मग त्यावर आम्ही मराठीत गप्पा मारतो.