लाडू तोच, जरा धाकटा

दिवाळीचा फराळ कमी साखरेत, कमी तुपात करण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : बेसनाचे लाडू साखरेऐवजी गूळ घालून केले. गुळाच्या गाठी राहिल्या आणि आठवड्याभरात लाडू चिकट झाले. काय चुकलं? आणि तुपाचं प्रमाण किती कमी करता येतं? (सातारा)

आधी हिशेब, मग गूळ. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. अर्धा किलो बेसनाला ३०० ग्रॅम गूळ घालून पंचवीस लाडू वळले, तर साखरेच्या तुलनेत एका लाडवामागे वाचतात जेमतेम अडीच कॅलरी. गुळात थोडं लोह आणि क्षार असतात हे खरं, पण लाडवातल्या बारा ग्रॅम गुळातून असं कितीसं मिळणार? गूळ आवडतो म्हणून घाला. खमंग बेसनाशी तो जमतोही छान.

किसलेला गूळ ओलसर असतो. गरम बेसनात पडला की बाहेरून विरघळतो, आतून तसाच राहतो आणि त्याच्या गाठी होतात. त्याऐवजी गूळ पावडर घ्या, चाळा, आणि बेसनात बोट आरामात ठेवता येईल इतकं ते निवल्यावर तळहाताने रगडून मिसळा. चिकटपणा मात्र गुळाचा स्वभाव आहे, तो हवेतला ओलावा ओढतो. त्यामुळे हवाबंद डब्यात ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपतील इतकेच करा.

आता मुद्द्याचं. अनेक घरांत प्रमाण असं असतं: अर्धा किलो बेसन, ३०० ग्रॅम तूप, ४५० ग्रॅम पिठीसाखर. त्याचे पन्नास ग्रॅमचे पंचवीस लाडू होतात. एकेका लाडवात १८ ग्रॅम साखर आणि अडीचशेच्या वर कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत हवी. असे दोन लाडू खाल्ले की ३६ ग्रॅम तिथेच झाली, चहा वेगळा. आमचं प्रमाण: अर्धा किलो बेसन, २०० ग्रॅम तूप, ३०० ग्रॅम पिठीसाखर किंवा गूळ पावडर, आणि लाडू पंचवीस नव्हे, चाळीस. पंचवीस ग्रॅमच्या त्या लाडवात साडेसात ग्रॅम साखर आणि १२० कॅलरी असतात. ताटात एकच वाढला की उगाच केविलवाणा दिसतो, म्हणून दोन वाढा, तरी हिशेबात बसतं.

कमी तुपात लाडू जमण्याची किल्ली भाजण्यात आहे. लाडवाचं रवाळ बेसन आणा. बारीक पीठ तूप जास्त पितं. जाड बुडाच्या कढईत १५० ग्रॅम तूप घालून बेसन मंद आचेवर भाजायला घ्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं ते कोरडं, गोळा-गोळा दिसतं, हात भरून येतो. नेमकं इथेच घाबरून लोक पळीभर तूप ओततात. थांबा. बेसन शिजत आलं की तूप सुटायला लागतं आणि कालथा हलका फिरतो. मग उरलेलं ५० ग्रॅम तूप घाला. एकूण पंचवीस ते तीस मिनिटांत बदामी रंग येतो आणि वास शेजारी पोचतो. तेव्हा दोन मोठे चमचे दूध शिंपडा. बेसन फसफसून फुलतं आणि त्याने लाडू रवाळ होतात. फसफस थांबल्यावर दोन मिनिटं परता आणि लगेच परातीत काढा. तापलेल्या कढईत ठेवलंत तर खाली करपतं.

लाडू वळून बसका झाला तर साखर गरम बेसनात पडली आहे, किंवा तूप जास्त झालं आहे. मिश्रण पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वळा. भुगा होत असेल तर आधी परात किंचित गरम करा. तूप गोठल्यामुळेही तसं होतं, आणखी तूप लागेलच असं नाही.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी साखरेऐवजी बाजारातली गोडव्याची पावडर घालून बेसन लाडू केले, तर सगळं मिश्रण सैल पडलं. खजुराच्या बिनसाखरेच्या वड्या त्यांना चालतील ना? (नाशिक)

साखर गोडीसाठी असते तशीच भरतीसाठीही असते. ती ३०० ग्रॅम काढून चिमूटभर पावडर घातली, तर २०० ग्रॅम तूप धरून ठेवायला फक्त बेसन उरतं. म्हणून सैल. तूप १५० ग्रॅमवर आणा आणि भाजलेल्या बदामाची भरड १०० ग्रॅम, मगज बी ७५ ग्रॅम घाला. पावडर कुठली आहे ते डब्यावर वाचा. एस्पार्टेमची गोडी उष्णतेने जाते, ते बेसन निवल्यावरच घालायचं. सुक्रालोज उष्णता बरीच सोसतं. पण असा लाडू कितीही खाल्ला तरी चालतो असं समजू नका, बेसनात पिष्ट आहेच. बाकीच्या घराला वजन कमी करायचं म्हणून या पावडरी देऊ नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सुचवलं आहे.

खजुराच्या वडीचं ‘बिनसाखरेची’ हे नाव फसवं आहे. बिया काढलेला खजूर ४०० ग्रॅम, बदाम १००, काजू ५०, अक्रोड ५०, मगज बी २५, खसखस दोन चमचे आणि तूप एक चमचा घेऊन चाळीस वड्या पाडा. त्या खजुरात नैसर्गिक साखर साधारण २७० ग्रॅम असते, म्हणजे प्रत्येक वडीत पावणेसात ग्रॅम, आपल्या लहान बेसन लाडवाच्या तोडीची. जमेची बाजू म्हणजे तंतू, सुकामेवा आणि अगदी कमी तूप. सासऱ्यांना एक वडी, जेवणाबरोबर. अभ्यंगस्नान झाल्या झाल्या रिकाम्या पोटी फराळाचं ताट नको. आधी मटकीची उसळ किंवा वाटीभर दही द्या, गोड शेवटी. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खजूर कडक असेल तर मिक्सरशी झटापट करू नका, चाळणीत पाच मिनिटं वाफवा. मग तो तुपात दोन-तीन मिनिटंच परता. जास्त परतला तर थंड झाल्यावर वडी दाताला चिकटते.

प्रश्न : ओव्हनमध्ये भाजलेल्या करंज्या आणि शंकरपाळ्या दगडासारख्या होतात. (पुणे)

तळणीचंच पीठ ओव्हनमध्ये घातलं की हे होतं. तळताना बाहेरचं तेल खुसखुशीतपणाला हातभार लावतं. ओव्हनमध्ये पाणी उडून जातं आणि पीठ आवळतं. म्हणून मोहन वाढवावं लागतं. करंजीसाठी कणीक २०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, तूप ६० ग्रॅम. तूप पिठाला इतकं चोळा की मूठ दाबल्यावर मुटका टिकला पाहिजे. गार दुधाने घट्टसर भिजवा, फार मळू नका, वीस मिनिटं झाका. सारण सुक्या खोबऱ्याचंच. ओल्या नारळाच्या वाफेने करंजी उकलते आणि दोन दिवसांत वासही येतो. कड दुधाचं बोट लावून दाबा, वर टूथपिकने दोन भोकं पाडा, तुपाचा हात फिरवा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. मग जाळीवर निववा, ताटात ठेवल्या तर घाम येऊन मऊ पडतात.

शंकरपाळ्या १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं. गरम असताना त्या मऊच लागतात आणि गार झाल्यावर कुरकुरतात. कच्च्या समजून आणखी दहा मिनिटं ठेवल्या की झाले दगड.

अनारसे आणि चिरोटे मात्र ओव्हनमध्ये करू नका. अनारशाची जाळी गरम तुपातच पडते. ते तळलेलेच करा, दोन-दोन खा.

प्रश्न : नाचणीचे लाडू टाळ्याला चिकटतात, कच्चट लागतात. (रत्नागिरी)

पीठ कमी भाजलं गेलं. नाचणी मुळात तांबूस-तपकिरी, त्यामुळे बेसनासारखा रंगावरून अंदाज येत नाही. पीठ बारीक चाळणीने चाळा म्हणजे कचकच जाईल. २५० ग्रॅम पीठ मंद आचेवर सात-आठ मिनिटं कोरडंच भाजा. मग ११० ग्रॅममधलं निम्मं तूप घालून आणखी दहा-बारा मिनिटं. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा, चिकटलं तर अजून कच्चं आहे. नंतर फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ ५० ग्रॅम, भाजलेल्या तिळाची भरड ५० ग्रॅम, वेलची, गूळ पावडर १७५ ग्रॅम आणि उरलेलं तूप घाला. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तीळही बिनपॉलिशचे घ्या, कारण त्यांच्या कॅल्शियमचा मोठा वाटा सालात असतो. साधारण अठ्ठावीस लाडू होतील.

प्रश्न : शेवयांच्या खिरीत गूळ घातला की दूध फाटतं. (नागपूर)

गुळातलं आम्ल आणि क्षार उकळत्या दुधाला सोसत नाहीत. एक लिटर दुधाला १०० ग्रॅम गूळ पुरतो. तो पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळा, पूर्ण गार होऊ द्या. खीर आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर हे पाणी थोडं थोडं ओता. पुन्हा गॅसवर ठेवू नका. गरम हवी असेल तर वाटी गरम पाण्यात धरा.