सशाचे दुखणे आणि डॉक्टरांशी बोलणे

प्रश्न : आमच्या सशाने कालपासून गवताला तोंड लावलेले नाही, लेंड्याही बंद आहेत. डॉक्टर उद्यापर्यंत थांबा म्हणतात. त्यांना आग्रह कसा करावा?

उत्तर : थांबू नका, १२ तास न खाणारा ससा ही तातडीची बाब असते, कारण त्याचे आतडे मंदावले की वायू साचून जीव धोक्यात येतो. शेवटचे खाणे केव्हा झाले, लेंड्या किती बारीक होत्या, ससा दात करकरतो का, हे कागदावर लिहून न्या आणि तापमान, पोटाचा एक्स-रे, दाढांची तपासणी व वेदनाशामक यांविषयी स्पष्ट विचारा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन मात्र ठामपणे नाकारा; कुत्र्यामांजरांना चालणारे हे औषध सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूच मारते. डॉक्टरांना सशांचा फारसा अनुभव नसेल, तर (यात त्यांचा अपमान मुळीच नाही) जाणकार पशुवैद्यांच्या नावे चिठ्ठी मागून आजच निघा.