ऊस ‘क्रश’ होतो, त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: साखर कारखान्याच्या इंग्रजी अहवालाचं मराठी करताना ‘क्रश’ या क्रियापदासाठी सगळीकडे ‘चिरडणे’ वापरलं तर चालेल का? आणि नसेल चालत, तर एकच नेमका शब्द कोणता?

चालणार नाही, आणि एकच शब्द मिळणारही नाही. ‘या हंगामात 8 लाख टन ऊस चिरडला’ असं छापलंत तर कागल-शिरोळकडचा वाचक आधी ट्रॉली कुठं उलटली ते विचारेल. ऊस गाळतात.

‘क्रश’ इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलं. तिथे मुळात दात करकरणे, कडकडून मोडणे असा अर्थ होता. आजच्या वापरात जोर दोन बाजूंनी किंवा वरून येतो, वस्तूला निसटायला वाव नसतो आणि शेवटी तिचा आकार जातो. दाब दिला पण वस्तू शाबूत राहिली, तर इंग्रजीत ‘प्रेस’. लिंबू पिळलं तर ‘स्क्वीझ’. घासून पीठ केलं तर ‘ग्राइंड’. मागे उरलं ते कामाचं की टाकाऊ, याच्याशी ‘क्रश’ला देणंघेणं नाही. मराठी मात्र तेच आधी विचारते.

उसाचंच बघा. गळणे-गाळणे ही जोडी पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांसारखी. रस गळतो, आपण तो गळायला लावतो. रोलरखाली उसाची काय गत झाली हे बाजूला ठेवून हाती काय आलं त्यावरून क्रियेला नाव पडलं. भुईमूग, करडई, तीळ यांना ‘गळिताची धान्ये’ म्हणतात तेही याच हिशेबाने, तेल गळतं म्हणून. वाळू रगडून तेल काढायची जी ओळ सगळ्यांना पाठ आहे, तिच्यातही जोराला ‘रगडणे’ आणि फळाला ‘गळणे’ अशी स्वच्छ वाटणी आहे.

शिवाय ‘गाळप’ तांत्रिकदृष्ट्याही बरोबर बसतं. कारखान्यात ऊस आधी फिरत्या सुऱ्यांनी तुटतो, श्रेडरमध्ये तंतू सुटे होईपर्यंत फुटतो, मग तीन-तीन रोलरच्या मिलच्या रांगेतून जातो. पुढच्या मिलमध्ये त्यावर पाणी मारतात, म्हणजे तंतूंत अडकलेली साखरही निघते. अहवालातला ‘केन क्रश्ड’चा आकडा या साऱ्या साखळीत गेलेल्या उसाचा असतो. तेव्हा गाळप क्षमता (दिवसाला 5000 टन वगैरे), गाळप परवाना, गळीत हंगाम हेच शब्द ठेवा. लिहिताना ‘गळीत’ दीर्घ, पण विभक्ती लागली की ‘गळिताचा’ ऱ्हस्व. इथे बऱ्याच जणांचा हात घसरतो.

एक खड्डा मात्र आहे. ‘ऊस गाळला’ आणि ‘रस गाळला’ यांत क्रियापद एकच, काम वेगळं. गुऱ्हाळावर चरकातून निघालेला रस काहिलीत सोडण्याआधी गाळून घेतात, तिथे ‘फिल्टर’ किंवा ‘स्ट्रेन’. मराठीतून इंग्रजीत जाताना यंत्राला हा फरक कळेलच असं नाही, म्हणून कर्म बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कारखान्याच्या बाहेर शब्द निवडताना पहिली चौकशी जोराची करायची: घाव आहे की भार? घाव असेल तर ठेचणे, चेचणे, कुटणे, कांडणे. ठेचायला खाली कठीण बूड लागतं आणि एकदोन घावांत काम होतं. चेचण्यात ओल सुटते, म्हणून आलं-लसूण चेचतात. कुटणं म्हणजे खलबत्त्यात घावावर घाव. त्यातून शेंगदाण्याचं कूट. चटणीची मिरची कोल्हापुरात कांडपाला जाते, दळणाला नाही. जोर भाराचा आणि घासण्याचा असेल तर रगडणे, भरडणे, वाटणे. भरडलेलं जाडसर आणि कोरडं, वाटलेलं ओलं. बोटांचाच जोर असेल तर कुस्करणे: तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करतात, कुणी चिरडत नाही. कागद किंवा इस्त्रीचा शर्ट चुरगळतो, पत्र्याचा डबा चेपतो.

पाककृतीत हा भेद चवीवर उतरतो. ‘क्रश्ड गार्लिक’ला ‘बारीक चिरलेला लसूण’ लिहिलं तर चूकच आहे. ठेचल्यावर लसणाच्या पेशी जास्त फुटतात आणि त्यांतले घटक एकमेकांत मिसळून उग्र वास तयार होतो. सुरीने चिरला तर तो कमी. खर्ड्यासाठी भाजलेली मिरची मिक्सरला लावली की पातं ती कापत जातं आणि खर्ड्याचा लगदा होतो. त्याला खर्डा म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

बांधकामात वाद नाही. दगड फोडतात, खडी पडते, यंत्राला सगळे क्रशरच म्हणतात. 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा बारीक माल वाळूऐवजी वापरतात, तो ‘क्रश सँड’. इथे ‘दळलेली वाळू’ असा शब्द घडवायचा खटाटोप करू नये, साइटवर कुणाला कळणार नाही.

माणसांच्या बाबतीत जपून. ‘क्राउड क्रश’ आणि ‘स्टॅम्पीड’ एक नव्हेत, जरी बातम्यांत सर्रास दुसराच शब्द येतो. स्टॅम्पीड म्हणजे बिथरलेल्या कळपाची पळापळ. क्रशमध्ये पळायलाच जागा नसते. छाती फुगायला वाव उरत नाही आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मराठी ‘चेंगराचेंगरी’ याचंच चोख नाव आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेसारख्या गर्दीच्या सूचना लिहिताना ‘पळापळ करू नका’ एवढ्यावर थांबलात तर धोक्याचा मोठा भाग सांगायचा राहिला. ‘मागून रेटू नका’ हवंच. व्याकरणही लक्षात घ्या: माणसं चेंगरतात, त्यांना चेंगरणारा कुणी एक नसतो. चिरडणारा असतो. ट्रक चिरडतो.

अलंकारिक वापरात ‘आंदोलन चिरडलं’ आता रुळलं आहे. पण ते सोसणाऱ्याच्या बाजूचं वाक्य. सरकारी पत्रकात तेच ‘मोडून काढलं’ होतं. अनुवादकाने मूळ कुणाच्या तोंडचं आहे ते बघावं. महागाईत माणूस भरडला जातो. बातमी ऐकून एखादी बाई ‘क्रश्ड’ झाली तर ती खचली. आणि खेळात ‘चिरडलं’ वाचलं की चीड येते. खासबागेत कुस्ती बघणाऱ्यांच्या गावाला पैलवान चितपट करतो, अस्मान दाखवतो, आणि फुटबॉलमध्ये 5-0 ला धुव्वा उडतो, हे सांगायला लागू नये. कॉलेजातला ‘क्रश’ नाम म्हणून तसाच राहू द्या: व्यक्तीप्रमाणे ‘माझा क्रश’, ‘माझी क्रश’. त्याचं क्रियापद मात्र करू नये. ‘मी तिला क्रश करतो’ म्हणजे पोलीस केस.

शेवटी औषधाच्या वेष्टनावरचं ‘डू नॉट क्रश ऑर च्यू’. इथली चूक महागात पडते. काही गोळ्या औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडतील अशा बनवलेल्या असतात. कुटून भुकटी केली की सगळी मात्रा एकदम अंगात जाते. त्यामुळे ‘चिरडू नये’ असं लिहून भागत नाही, कारण घरात गोळी कुणी चिरडत नाही, चमच्याखाली चुरतात किंवा खलबत्त्यात कुटतात. ‘फोडू नये’ म्हटलं तर अर्धी करू नये एवढाच अर्थ लागतो. ‘गोळी कुटू किंवा चुरू नये, चावू नये, अख्खी पाण्यासोबत गिळावी’ असं लिहा.