ओट्याखालच्या कपाटाचं दार लोंबतंय, आतली बिजागरी घरच्या घरी बदलता येईल का?

तुमचं म्हणणं असं, की सिंकखालच्या जोडदारांपैकी डावं दार खाली आलंय, लावताना उजव्याला घासतं, आणि मिस्त्री "येतो, येतो" म्हणत महिनाभर फिरकलेला नाही. सांगलीत एका बिजागरीसाठी मिस्त्री येईल ही आशा सोडाच. मी गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात आमचा ओटा बुडाला. प्लाय वाचला, पण बिजागऱ्या गंजल्या आणि पुढच्या दोन वर्षांत एकेक करून सगळ्या मीच बदलल्या. त्यातली पहिली चुकीची बसवली होती, ते खाली सांगतो.

आधी बदलायची गरज आहे का बघा. दार उघडलं की बिजागरीच्या दांड्यावर दोन स्क्रू दिसतील. दाराकडचा स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं. मागचा सैल केला की दार आत-बाहेर होतं. वर-खाली करायचं तर कपाटाच्या बाजूला बसवलेल्या पट्टीचे स्क्रू थोडे ढिले करायचे, कारण त्यांची भोकं लांबट असतात. लोंबणारी निम्मी दारं एवढ्यावरच सरळ होतात. स्क्रू एका वेळी अर्धा वेढाच फिरवा, दार लावून बघा, मग पुढे.

स्प्रिंगच गेली असेल किंवा गंज धरला असेल तर मात्र नवी आणा, आणि दुकानात जाताना जुनी काढून खिशात घालून न्या. मी नेली नव्हती. दुकानदाराने विचारलं, "कितीचा क्रँक?" मी आपला अंदाजाने म्हणालो, आठ. घरी येऊन बसवली तर दार बोटभर मध्ये सरकलेलं, शेजारच्या दारावर चढायला लागलेलं. तासभर स्क्रू पिळत बसलो. पण स्क्रूने दोनेक मिलिमीटर हलतं, आठ-नऊ नाही.

क्रँक म्हणजे दांड्याला दिलेला बाक. दार कपाटाच्या बाजूच्या प्लायची जाडी जवळपास पूर्ण झाकत असेल तर दांडा सरळ, म्हणजे झिरो क्रँक. मधल्या एकाच फळीवर दोन्हीकडून दारं येऊन प्रत्येकी अर्धी जाडी झाकत असतील तर आठचा (कुणी नऊही म्हणतं). दार चौकटीच्या आत बसत असेल तर बाक सर्वांत मोठा, पंधरा-सोळाचा. तुमच्या सिंकखालच्या दारांना बहुधा झिरोच असेल, पण बघून खात्री करा.

दारात रुतलेली गोल वाटी साधारण सगळ्यांची ३५ मिलिमीटरचीच, त्यामुळे खड्डा जुनाच चालतो. तिच्या दोन कानांतल्या स्क्रूंचं अंतर मात्र कंपनीप्रमाणे बदलतं, ४५, ४८, ५२ असं. ते जुळलं नाही तर जुन्या भोकाला खेटून नवं भोक पडतं आणि स्क्रू पकडत नाही. म्हणूनही जुनी सोबत हवी.

काढताना खालची बिजागरी आधी आणि वरची शेवटी. दार कुणाला तरी धरायला सांगा किंवा खाली जाड पुस्तकं लावा. माझ्या पायावर एकदा आलंय. बसवताना उलट, वरची आधी.

भोक ढिलं झालं असेल तर जास्त लांब स्क्रू घालू नका, पलीकडून सनमायका फुगतो. उदबत्तीच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, बाहेर राहिलेल्या कापा आणि रात्रभर वाळू द्या. प्लायमध्ये हे छान पकडतं. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगून भुसा सुटत असेल तर काड्यांनी भागत नाही. मग बिजागरी दोन-तीन इंच वर सरकवायची, ३५ च्या बिटने नवा खड्डा पाडायचा आणि कपाटाच्या बाजूची पट्टीही तेवढीच वर घ्यायची. खड्डा बारा-तेरा मिलिमीटरपेक्षा खोल नको. अठराच्या दारात उरतंच किती! हे काम पहिल्यांदा करत असाल तर आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

आणि हो, सिंकखाली पाणी कुठून झिरपतंय का तेही बघा. आमच्याकडे नवी बिजागरी चार महिन्यांत पुन्हा गंजली होती, ती पाइपच्या वायसरमुळे.