माळावरच्या जिवांनी जायचं कुठं?

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

हवामान बदलामुळं जीवजंतू जागा सोडतायत, त्याचा अभ्यास करायचा तुझा विचार आहे. त्यासाठी हिमालय गाठावा की कोकण, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर आधी आपला बीडकडचा बालाघाटाचा डोंगर बघ.

तिकडं फरक चटकन दिसतो, हे खरं. कुल्लूच्या खालच्या भागात सफरचंदाला थंडी पुरेना, तशा बागा वर लाहौलकडं सरकल्या. तारली मासळी पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकात मिळायची, ती आता गुजरातपर्यंत सापडते.

आपल्याकडं मात्र चढायला जागाच नाही. डोंगरावर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एका अंशाचा गारवा दीडशे मीटरवर मिळतो. सपाट मुलखात तेवढ्यासाठी शे-दीडशे किलोमीटर उत्तरेला जावं लागतं. बीड शहरच पाचशे मीटरवर आणि बालाघाटाचा माथा फार तर आठ-नऊशे. चंडोल उडून तरी जाईल. पण आपल्या माळावर निळसर गळ्याचा छोटा सरडा असतो ना, त्यानं काय करायचं? उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळा पंख्यासारखा फुलवतो. ऊन फार चढलं की त्याला सावली धरावी लागते, आणि जितके तास सावलीत तितकं खाणं कमी. दुसरीकडं जावं तर वाटेत ऊस, मोसंबीच्या बागा आणि चौपदरी रस्ता.

नवं काही दिसलं की लगेच हवामानावर ढकलू नकोस. मक्यावरची लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली, भारतात ती २०१८ साली आढळली. असा जीव आला कसा, हे आधी शोध. वाढत्या उष्म्यानं तो किती फोफावला, हे त्यानंतर.

आणि माणसांना वगळून हा अभ्यास करू नकोस, ही कळकळीची विनंती. माळावरचं गवत संपलं की मेंढरं हलतात, त्यांच्यामागं धनगराचा वाडा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि लेकरांची शाळा मागं राहते. त्यात पाऊस किती, पाण्याची वाटणी किती, मुकादमानं आगाऊ दिलेली उचल किती, हे वेगवेगळं काढून बघ. सगळं आभाळावर टाकलं तर ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात.

एकच माळ निवड. दर आठवड्याला त्याच वाटेनं, त्याच वेळी फिर. तारीख, तापमान, दिसलेलं सगळं लिही, आणि जे दिसलं नाही तेही लिही. ही नोंद बहुतेक जण टाळतात, पण एखादा जीव कधी गेला हे तिच्यावरूनच कळतं. मेंढक्यांना विचार, कुठलं गवत कमी झालं ते त्यांना नावानिशी ठाऊक असतं. मृगाच्या आधी सुरुवात कर, सरडे तेव्हा दगडांवर सापडतील. पहिल्या महिन्याची वही झाली की घेऊन ये, आपण बसून बघू.

तुझा,
काका