मिठाची बरणी न्हाणीघरात कशी गेली?

(हे पत्र आणि उत्तर जानेवारी २०२२ मधलं, कोविडच्या ओमिक्रॉन लाटेतलं आहे. त्यातले नियम आणि तारखा तेव्हाच्या.)

ताई, आम्ही गोव्यात डिचोलीजवळच्या गावात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांना मधुमेह आणि दमा. गेल्या मे महिन्यात माझा थोरला भाऊ कोविडने गेला. लशीसाठी नाव घातलं होतं, पाळी येण्याआधीच आजारी पडला. तेव्हापासून मी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू साबणाने धुते. मिस्टर कळंगुटला हॉटेलात आहेत. आमचे दोन्ही डोस झालेत, मुलीचाही पहिला झाला, तरी गावात घरोघरी कोविडचे पेशंट आहेत. सासूबाई म्हणतात, "मग सुई टोचून घेतली कशाला?" आणि हळदीकुंकू करायचंच म्हणून बसल्यात. परवा न्हाणीघरात मिठाची बरणी सापडली. मिस्टर रात्री चोरून गुळण्या करत होते. विचारलं तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस." टेस्ट न करताच ड्युटीवर गेले. मी वेडी झालेय, की हेच बेफिकीर आहेत?
– एक सून, डिचोली

सूनबाई, तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत. पाठचा-पुढचा भाऊ असा गेल्यावर हात आपोआप साबणाकडे जातो. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे ती बरणी. घशात खवखव झाली तर ती बायकोपासून लपवावी, असं एका शहाण्यासुरत्या माणसाला वाटलं. का वाटलं, ते आधी बघू या.

एक तर २०२० साली हॉटेलं बंद पडली तेव्हा घरी बसणं म्हणजे काय, ते त्यांनी भोगलंय. आता सुट्टी घेतली तर पगार कापतील, ही धास्ती. दुसरं म्हणजे तुम्ही आरडाओरडा कराल. आणि तिसरं, जे ते बोलणार नाहीत: तुम्हाला भाऊ आठवेल. लपवणं चूकच, त्यात वाद नाही. सासऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. पण "कुठून आणलंत हे?" या प्रश्नाने घरात संवाद सुरू होणार असेल, तर पुढच्या वेळी बरणीसुद्धा सापडणार नाही.

म्हणून आज रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी बसून ठरवा. घसा दुखला, अंग मोडून आलं, की त्याच तासाला ते सांगणार आणि तुम्ही दोषाचा एक शब्दही काढणार नाही. वेगळी खोली कोणती, ताट कोण ठेवणार, मुलीने अभ्यासाला कुठे बसायचं, हे आजारपण यायच्या आधीच ठरलेलं असू द्या. रजेचं काय, ते हॉटेलच्या मॅनेजरला त्यांनी उद्याच विचारावं. खोकणारा वेटर ताट घेऊन टेबलाशी आलेला गिऱ्हाइकालाही आवडत नाही, हे मॅनेजरला कळत असणारच. ५ जानेवारी २०२२ च्या नव्या नियमांप्रमाणे सौम्य आजाराला घरात सात दिवस वेगळं राहायचं आहे. त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नसला की संपलं, पुन्हा टेस्ट लागत नाही. सात दिवसांचा पगार बुडाला तर खर्च कुठून काढायचा, तो आकडाही दोघांनी मिळूनच मांडा.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. आपल्याला टोचलेल्या लशी पहिल्या विषाणूवरून बनवल्या होत्या. ओमिक्रॉन या त्याच्या नव्या अवताराने आपलं बाहेरचं रूप बरंच बदललंय, शिवाय डोस घेऊन काही महिने गेले की रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारे घटक, कमी होतात. त्यामुळे तो नाका-घशात शिरतो. पण शरीराच्या ज्या पेशींना लशीने ओळख करून दिलेली असते, त्या जाग्या होतात आणि बहुतेकांचा आजार गंभीर होण्याआधीच आटोक्यात येतो. त्यांना सांगा, आपल्या पावसात छत्री घेऊनही पाय भिजतात, म्हणून कोणी छत्री टाकून देत नाही. तुमच्या भावाला ती छत्री मिळालीच नव्हती.

सासऱ्यांचं मात्र वेगळं. वय, साखर आणि दमा, तिन्ही एकत्र. "सौम्य आहे हो हा" हे वाक्य त्यांच्यासाठी नाही. १० जानेवारी २०२२ पासून साठीच्या पुढच्या आजारी लोकांना तिसरा डोस सुरू झालाय, दुसऱ्याला ३९ आठवडे झाले की मिळतो. लशीचं सर्टिफिकेट काढून तारीख बघा. आधीची जी लस होती तीच मिळेल, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पण त्यांच्या कानावर घाला. त्यांना ताप-खोकला आला तर घरगुती उपाय करत बसू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९३ किंवा कमी दिसला तर सरळ हॉस्पिटल. दम्याचा पंप चालूच ठेवायचा. मागच्या वेळच्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी डब्यातून काढून देईल, त्या देऊ नका.

आणि ते भाज्या साबणाने धुणं थांबवा. पोटात साबण जाईल, एवढाच त्याचा उपयोग. हा रोग मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. तो वेळ खिडक्या उघडण्यात घाला. मिस्टरांना बसमध्ये आणि ड्युटीवर कापडी नको, एन-९५ मास्क द्या. सासरे बाहेर सोप्यावर बसत असतील तर बसू द्या, बंद माजघरापेक्षा ते बरं. फक्त १४ फेब्रुवारी २०२२ ला विधानसभेचं मतदान आहे. प्रचाराला येणारे एका गावात दहा घरं फिरून येतात आणि चहाला म्हणून आत घुसतात. त्यांना गेटवरूनच नमस्कार. सासऱ्यांना राजकारणावर बोलायची हौस असेल, तर फोन आहे की.

हळदीकुंकवाला सरसकट नाही म्हणू नका, तसं केलंत तर सासूबाई शेजारणीच्या बंद दिवाणखान्यात जाऊन बसतील. रथसप्तमी ७ फेब्रुवारी २०२२ ला आहे, वेळ आहे. अंगणात तुळशीपाशी करा, बायकांनी दोघी-तिघींनी यावं, कुंकू, तिळगूळ, वाण घ्यावं आणि निघावं. फराळ बांधून द्या. सासऱ्यांनी तेवढा वेळ मागच्या दारी बसावं. सासूबाईंना यजमानीण म्हणून मिरवायला मिळालं, तर बाकीचं त्या ऐकतील असं मला वाटतं.

मिस्टरांची टेस्ट अजून झालेली नाही, हे विसरू नका. घरी करायचं किट औषधाच्या दुकानात मिळतं, दोन आणा. पहिलं निगेटिव्ह आलं आणि घसा दुखतोच आहे, तर एक-दोन दिवसांनी दुसरं करा किंवा आरोग्य केंद्रात आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली टेस्ट, करून घ्या. तोवर ड्युटी बंद, त्यांचं अंथरूण वेगळ्या खोलीत, आणि सासऱ्यांना चहा-औषध देण्याचं काम त्यांच्याकडे नको.